दोन बोटांची जागा

हिरा, तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी तुझ्या गाडीचं बॉनेट गरम असताना उघडलं. व्हय, मीच. गॅरेजच्या भिंतीवर लाल रंगात ‘गाडी थंड झाल्याशिवाय बॉनेट उघडणार नाही’ असं लिहून ठेवणारा सिद्धार्थ मिस्त्री. तू तिथं पाहिजे होता. पोट धरून हसला असता.

पण तू असता तर मी उघडलंच नसतं. तीनदा तू आला होता, ब्रेक बघ म्हणून. तीनदा मी न्हाई म्हणलं. आता त्याच्यावरच बोलायचं हाय मला तुझ्यासंग, दुसरं काही न्हाई. बाळापुरातला पेपरवाला आला होता, तुझ्यावर चार ओळी द्या म्हणून. जन्म कधीचा, शिक्षण किती, समाजकार्य काय. म्हणलं, इतक्या गावांच्या मोडक्या वखरांना अन् ट्रॉल्यांना त्यानं जोड दिला, ते काय कमी समाजकार्य हाय? तो म्हणे, तसं न्हाई मिस्त्री, पदं कोणती भूषवली ते सांगा. हाकलून दिलं त्याला. माझं डोकं कसं हाय ते तुला ठाऊकच हाय.

आपण सातवीपर्यंत एका बाकावर. तू तांडा सोडून वसतिगृहातून यायचा, मी विहाराच्या मागच्या गल्लीतून. शाळा सुटली तसा तू वेल्डिंग शिकला अन् मी नांदेडला उस्तादाकडं गेलो. परत येऊन गॅरेज टाकायचं म्हणलं तर पत्रे होते, खांब नव्हते. तू जुन्या पाइपाचे खांब जोडून दिले, तीन दिवस माझ्याच घरी राहिला, अन् जाताना म्हणला, ‘वादळात पत्रा उडंल, खांब न्हाई उडायचे.’ पत्रा दोनदा उडाला. खांब तसेच हायत. जयंतीच्या मिरवणुकीची कमान दर वर्षी तू जोडायचा, अन् तांड्यावरच्या होळीत बायांच्या काठ्या खायला मला पुढं करून मागं लपायचा. अन् मी काय करायचो? मी चिडायचो. एकदा दहाचा पाना तुझ्याकडं राहिला म्हणून सव्वा महिना तुझ्यासंग बोललो न्हाई. पाना माझ्याच गादीखाली निघाला. तरी बोलायला तूच आला होता.

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी तू शिरड शहापूरला कुणाच्या तरी गोठ्यात ती डुक्कर फियाट बघितली. गोल पाठीची, वटारल्या डोळ्याची, चाकं मातीत रुतलेली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. मी म्हणलं, लाव दोर अन् ओढ. तू म्हणला, ‘थांब, पिलं निघू दे.’ अन् खरंच थांबला की रे बैला तू! पिलं निघाली, कोंबडी आपल्या पायानं उतरली, तेव्हा गाडी हलवली. मी लई शिव्या दिल्या. तू म्हणला, ‘इतकी वर्षं उभी हाय, पंधरा दिवसानं काय होतं?’ तुझ्यात ते थांबणं होतं. माझ्यात कधीच नव्हतं.

तिचं मूळ इंजन गंजून गोळा झालं होतं. भंगारातल्या एका व्हॅनचं इंजन आपण आणलं. ते अंगानं मोठं. घासून घासून बसवलं, पण बॉनेटखाली जागा राहिली ती दोघांच्या खाटेवर चौघं झोपल्यासारखी. सगळ्यात अडचण धुराच्या वाटेची. इंजनातला जळका धूर बाहेर काढायला बाजूला जे लागतं, ते बिडाचं एकसंध असलं की मेनीफोल्ड, अन् चार नळ्या वाकवून एकत्र आणल्या की हेडर. हेडर हा शब्द मी नांदेडात ऐकला होता अन् तेव्हापासून तोंडात घोळवत होतो. आपल्या भागात तसलं काम कुणी केलं नव्हतं. मला ते करायचंच होतं, हिरा. खरं सांगतो, तुझ्या गाडीसाठी न्हाई. माझ्या नावासाठी.

इंजनाबरोबर आलेला बिडाचा मेनीफोल्ड सरळ स्टेअरिंगच्या दांड्यावर येऊन राहिला होता. तू म्हणला, ‘हाच ठेवू. ह्याचं तोंड कापून पुढून वळवतो, रेडिएटरच्या मागून डाव्या बाजूला काढतो. बेढब दिसंल, पण तकलीफ न्हाई.’

‘इंजनाचा गळा दाबायचा का? त्याला श्वास लागतो.’

‘श्वास कमी घेऊ दे. आपल्याला कुठं मुंबई गाठायची हाय?’

‘मग बैलगाडी घ्यायची होती.’

माझं असंच. तू दोन वाक्यं बोलायचा, मी तिसऱ्याला तोडायचो, अन् मला वाटायचं आपण जिंकलो.

तरी तू काम केलं ते माझ्या मनासारखं. लोखंडाला हात लावायच्या आधी तू तुरीच्या काड्या घेतल्या. एकेक तुकडा मोडून, सुतळीनं बांधून, त्या सांदीतून वाट काढत गेला. चार नळ्यांच्या चार वाटा. इथं स्टेअरिंगचा दांडा, तिथं चॅसी, मधी ब्रेकची तांब्याची नळी. तीन रविवार तू त्या इंजनात डोकं घालून होता. शेवटची काडी बांधली अन् तू थांबला.

‘सिद्धू, हिथं ब्रेकच्या नळीपाशी दोनच बोटं राहायली.’

मी बोटं घालून बघितली. ‘दोन बोटं लई झाली.’

‘तुझी दोन. माझं दीडच बसून राहिलं.’

तुझी बोटं वेल्डिंगवाल्याची, जाड. मी हसलो. तू म्हणला, धग अडवायला मधी पत्र्याची आड तरी लावू. ती लावून बघितली तर स्टेअरिंगला घासायला लागली. तू म्हणला, मग ब्रेकची नळीच दुसऱ्या बाजूनं फिरवू. त्याला अजून चार दिवस लागले असते. मी म्हणलं, ‘उगं पसारा वाढवू नको. अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळू, झालं.’ हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी न्हाई. त्या जागेला हातात टॉर्च घेऊन मीच ‘चालतंय’ म्हणलो.

मग तू कयाधूची वाळू आणून कढईत भाजली, नळ्यांत ठासून भरली, तोंडाला लाकडी गुट्ट्या मारल्या अन् गॅसच्या ज्योतीवर नळ्या वाकवल्या. वाळूत जराबी ओल राहिली तर नळी फुटते, म्हणून तू ती दोनदा भाजली. अशी तुझी काळजी. कुठं पिचका न्हाई, कुठं सुरकुती न्हाई. बाळापूरची निम्मी मंडळी बघायला आली होती. गाडी चालू केली अन् असा आवाज निघाला हिरा, की चहावाला कप घेऊन बाहेर आला. मी तुला मिठी मारली. थोड्या वेळानं नळ्या बुडाशी हलक्या लाल दिसायला लागल्या. सगळे म्हणले, वा! तू एकटा खाली वाकून ब्रेकच्या नळीकडं बघून राहिला होता. मी बघितलं ते. बघून तुला चहाला ओढून नेलं.

हिवाळा चांगला गेला. तुझी गाडी तांड्या-तांड्यांवर नवरदेवाची गाडी झाली. झेंडूच्या माळा लावून तू पुढं, वरात मागं. मग ऊन तापलं अन् बाजाराच्या दिवशी तू गॅरेजवर आला. ‘सिद्धू, ब्रेक बसतो रे कधी कधी. पायडल सरळ खाली जातं.’

मी म्हणलं, दोन चहा होऊ दे. तो नियम उस्तादाचा. ‘गरम गाडी का बोनेट नक्को खोल रे, पानी मुंह पे आएगा,’ असं ते म्हणायचे, अन् मी ऐकलं न्हाई म्हणून रेडिएटरचं पाणी माझ्या मानेवर आलं होतं. डाग अजून हाय. म्हणून भिंतीवर लिहिलं, अन् त्या नियमानं माझ्या हाताखाली कुणाला कधी भाजलं न्हाई. दोन चहा झाले. मी बसलो, पायडल दाबलं. दगड. तेल बघितलं, भरलेलं. कुठं गळती न्हाई. ‘काही न्हाई, जा.’

दुसऱ्यांदा आला, तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा गॅरेजवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. तू हळू आवाजात म्हणला, ‘एकदा गरम असताना बघ की. थंड झालं की त्याचं दुखणंच जातं.’

हिरा, तू सगळं सांगितलं होतं रे त्या एका वाक्यात! माझ्या डोक्यात उजेड पडायला अजून काय पाहिजे होतं? पण लोकांसमोर तू मला शिकवून राहिला असं वाटलं मला. मी भिंतीकडं बोट दाखवलं. म्हणलं, ‘वाचता येतं का? ब्रेक बराबर हाय. भास तुझ्या पायात हाय, डॉक्टरला दाखव. अन् आता चौथ्यांदा हे घेऊन आला तर गाडी कयाधूत ढकलून देईन.’ लोक हसले. तूबी हसला. चहा पिला अन् गेला. चौथ्यांदा आला न्हाई.

मला वाटलं, भास गेला. त्यानंतर तुला एकच नवीन खोड लागली होती, उशिरा यायची. तांड्यावरून बाळापूर पंचवीस-तीस किलोमीटर, तुला दीड-दोन तास लागायचे. कुणी सांगायचं, हिरामण बाभळीखाली गाडी उभी करून बसला होता. एकदा नवरदेवाला रस्त्यावर उतरवून अर्धा तास बसवला म्हणे. लोक तुझी टर उडवायचे, अन् मी त्यांच्यात पुढं. म्हातारा झाला म्हणायचो तुला, बिड्या फुंकत बसतो म्हणायचो. तू ‘व्हय रे’ म्हणायचा.

असे दोन उन्हाळे गेले अन् माझ्या सुजाताचं लग्न ठरलं. तुझ्याच गाडीत मांडवाला जाणार म्हणून पोरगी हटून बसली होती. त्या दिवशी सकाळी मी तांड्यावरच्या पीसीओवर फोन लावला. तुला बोलावून आणलं त्यांनी. मी काय बोललो ते तुला अन् मलाच माहीत हाय. आजपर्यंत. ‘हिरा, आज नाटकं न्हाई पाहिजेत. पाव्हणे साखऱ्याहून निघाले. आज वाटेत कुठं थांबला तर माझ्या दारात पाय ठेवू नको.’ तू म्हणला, ‘न्हाई थांबत.’ अन् फोन ठेवला.

तू थांबला न्हाई.

फाट्याच्या अलीकडं उतार हाय, मग छोटा पूल. पुलावर बाजाराला निघालेली माणसं होती. बघणारे सांगतात, गाडी भरधाव आली, हॉर्न वाजतच होता, अन् एकदम कठड्यावर गेली. माणसं वाचली सगळी. तुझ्या गाडीत मागच्या सीटवर नवी चादर अंथरलेली होती, नवरीसाठी. पोरीचं लग्न लागलं तेव्हा मी पुलापाशी होतो. तिला आम्ही चार वाजेपर्यंत सांगितलं न्हाई. ती सारखी विचारायची, काकाची गाडी कुठं हाय?

दुसऱ्या दिवशी तपासायला साहेब आले. गाडी रात्रभर थंड झालेली. त्यांनी पायडल दाबलं, मला म्हणले, ‘मिस्त्री, ब्रेक ठीक आहे ना? तुम्हीपण बघा.’ मी दाबलं. दगड. ‘व्हय साहेब.’ लिहून घेतलं त्यांनी. मग लोकांनी आपसात ठरवून टाकलं, की हिरामण लग्नाला निघाला होता, सकाळीच घेतली असंल. चहाच्या टपरीवर बोलायला लागले. तुझ्या आईला, याडीला, गळ्याची शपथ दिल्यापासून तू थेंब घेतला न्हाई, हे मला माहीत होतं. तरी मी मान खाली घालून चहा पिलो. मला वाटलं, बोलू दे, त्यांच्या बोलण्याखाली मी झाकून राहतो. असा तुझा दोस्त.

चार दिवस मला झोप न्हाई, गिळवत न्हाई. सारखं तुझं वाक्य कानात. गरम असताना बघ की. पाचव्या दिवशी भर दुपारी मी गाडीपाशी गेलो. मार डाव्या बाजूला होता, इंजन धडधाकट. चालू केलं अन् चालू ठेवलं. ऊन मरणाचं. अर्ध्या तासात नळ्यांचा बुडखा लाल झाला. मी हाताला पोतं गुंडाळलं अन् बॉनेट उघडलं. उघडलं तेव्हा तोंडावर जी धग आली, तिथंच मला कळलं. ब्रेकच्या नळीवर थुंकलो तर चर्रकन उडालं. आत बसलो, पायडलवर पाय ठेवला.

खाली गेलं. फळीपर्यंत. काही लागलंच न्हाई पायाला.

ब्रेकमधलं तेल उकळलं की त्याची वाफ होते. वाफ दाबली तर नुसती दबते, चाकापर्यंत जोर पोचत न्हाई. थंड झालं की वाफेचं परत तेल होतं अन् पायडल पुन्हा जागेवर येतं. मी इंजन बंद करून बसून राहिलो. दोन चहाला लागतो तेवढा वेळ. दाबलं. दगड. पुन्हा तापवलं, पुन्हा खाली. तीनदा केलं मी ते. तीनदा तू आला होता म्हणून. माझा नियम चांगला होता, हिरा, अन् त्यानंच दर वेळेला तुला खोटं पाडलं. गाडीची काही चूक न्हाई. ती दोन बोटं माझी होती.

तसाच उठून तांड्यावर गेलो. कमल वैनी चुलीपाशी बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, हेडरचं, ब्रेकचं, भिंतीवरच्या नियमाचं. वाटलं, अंगावर राख फेकतील. त्या म्हणल्या, ‘मला ठाऊक हाय.’

‘काय ठाऊक हाय, वैनी?’

‘गाडी तापली की ब्रेक मरतो, ते. सात-आठ किलोमीटरला थांबून निवू द्यायचे ते. मी कितीदा म्हणलं, सिद्धूभाऊला सांगा. म्हणायचे, सांगितलं तीनदा. आता सांगितलं तर तो चिडंल, महिना महिना बोलणार न्हाई. मला करमत न्हाई त्याच्याबिगर.’

मी खालीच बसलो. बाभळीखाली तू बिड्या फुंकत नव्हता. माझी चूक थंड करत बसत होता, अन् वर माझ्याकडून टर उडवून घेत होता. अरे गाढवा, दोन शिव्या द्यायच्या होत्या मला! गचांडी धरून डोकं घालायचं होतं त्या बॉनेटात! महिनाभर बोललो नसतो, वर्षभर बोललो नसतो, जिता तरी राहिला असता.

मग वैनींनी विचारलं. मला वाटत होतं त्या विचारणार न्हाईत. ‘मग त्या दिवशी काहून थांबले न्हाईत ते? रोज थांबणारा माणूस.’

पीसीओवाल्याला फोन कुणाचा ते माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी ‘काय की’ म्हणलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण त्यांनी माझ्याकडं बघणं सोडलं न्हाई. मी म्हणलं, ‘मी फोन केला होता. थांबू नको म्हणलं होतं. थांबला तर दारात येऊ नको, असं.’

चुलीवरची भाकर करपली, तरी त्यांचा हात हलला न्हाई. मग म्हणल्या, ‘उठा आता तुमी. माझ्यासमोर बसू नका. तेराव्याला या, अन् मला सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगा. माझ्या लेकरांच्या बापाला लोक पेताड म्हणून राहिले.’

गेलो मी तेराव्याला. तांड्याचे नाईक बसलेले, पाच-सहा तांड्यांची माणसं, बाळापूरचीबी बरीच. उभा राहिलो. म्हणलं, हिरामणनं घेतली नव्हती. ब्रेक उकळला होता, अन् तो माझ्या हट्टानं उकळला. त्यानं तीनदा सांगितलं, मी हाकललं. त्या दिवशी थांबू नको असं फोनवर मीच सांगितलं. तपासाच्या साहेबालाही जाऊन सांगितलं मी, कागद बदलून घ्या म्हणून. ते नंतर काय करायचं ते करतील. तुझ्या भावकीतला एक जण अंगावर धावून आला, दोघांनी धरला त्याला. मला वाटलं, सोडा रे त्याला. पण कमल वैनी पदर सावरून बसल्या होत्या, अन् त्यांची मान ताठ होती. मी जेवलो न्हाई. कुणी जेव म्हणलंबी न्हाई.

गॅरेजवर त्यानंतर गिऱ्हाईक कमी झालं, ते झालंच पाहिजे होतं. पण आठ दिवसांनी तुझा धाकटा भाऊ परकाश आला. म्हणला, ‘भाऊ, दादाची निशाणी हाय, गाडी नीट करून द्या.’ मी म्हणलं, ही गाडी भंगारात घाल. तो म्हणला, ‘वैनीनं सांगितलं, नीट करायची तर त्यांच्याच हातानं.’ कळतंय का तुला, हिरा? तुझ्या बायकोनं मला माफ केलं न्हाई. कामाला लावलं.

चार नळ्यांचा हेडर मी गॅसकटरनं कापून काढला. असं देखणं काम तुझं, अन् कापताना माझ्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं, चष्म्याच्या आत. तुझा बिडाचा मेनीफोल्ड माळ्यावर धूळ खात होता. त्याचं तोंड तू म्हणला होता तसं कापून पुढून वळवलं, रेडिएटरच्या मागून डाव्या बाजूला काढलं. ब्रेकच्या नळीपासून आता दीड हात लांब. बेढब दिसतंय. दोन दिवस भर उन्हात तापवून तापवून, बॉनेट उघडून उघडून बघितलं. ब्रेक शाबूत. परकाशला चावी दिली अन् म्हणलं, काही वाटलं, जराबी काही वाटलं, तर लगेच ये. तो म्हणला, ‘व्हय भाऊ.’

परवा कळमनुरीचा एक मिस्त्री बाजारात भेटला. बोलता बोलता म्हणला, ‘ती फियाट माझ्याकडं येऊन गेली, पोरगं म्हणलं, सिद्धूभाऊला सांगू नका.’ काय झालंय गाडीला ते त्यानं सांगायच्या आधीच मी उठलो. पहिला विचार काय आला सांगू? माझी गाडी दुसऱ्याकडं काहून नेली, हा. हा आला माझ्या मनात, तुला मातीत घालून चाळीस दिवस झाले तरी. मग दुसरा विचार आला, हेबी पोरगं माझ्या चिडण्याला भ्यालं, तुझ्यासारखंच.

काल सकाळी तांड्यावर गेलो. परकाश गाडीपाशीच होता. मला बघून बॉनेट पटकन लावलं अन् हात पुसत उभा राहिला. म्हणलं, गाडी कशी हाय? ‘एकदम झकास, भाऊ.’ माझ्याकडं न बघता म्हणला. माझ्या तोंडावर आलं होतं, खोटं काहून बोलतो रे? गिळलं. गाडीच्या सावलीत खाली बसलो. तो उभा. मी काही विचारलं न्हाई, काही सांगितलं न्हाई. वैनी दारात येऊन बघून गेल्या. सावली सरकली तसा मीबी सरकलो. हिरा, माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलो न्हाई. दोन तास झाले असतील. शेवटी तो माझ्यापासून हातभर लांब, उकिडवा बसला. मातीत बोटानं रेघा ओढायला लागला.

‘भाऊ, चिडू नका,’ तो म्हणला, ‘पण चढाला रेडिएटरचं पाणी उकळून राहिलं.’

आधी चिडू नका म्हणला, हिरा. गाडीचं नंतर सांगितलं.